गद्य बखरीत दडलेली गाणी

गिरणगावात शाहिरी ऐकलेल्यांना एक गोष्ट सांगायला नको: ओळ शाहिराच्या गळ्यात बसते ती शेवटच्या स्वरामुळे. मध्ययुगीन स्पेनच्या वीरगाथांचंही तेच. तिथे पूर्ण यमक नव्हतं, ओळीअखेरचे स्वर जुळले की झालं.

हरवलेली गाथा शोधायचा धागाही हाच. लाराच्या सात भावांची कथा घ्या. मामाने दगा दिला, सातही मुंडकी कोर्दोबाला कैदेतल्या बापासमोर आली आणि तो एकेक मुंडकं हातात घेऊन त्याच्याशी बोलतो. मूळ काव्य गेलं. पण कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या इतिहासकारांनी १२७०च्या सुमारास ते गद्यात उतरवलं, पुढे १३४४च्या बखरीत आणखी विस्ताराने आलं. त्या गद्यात वाक्याअखेरचे स्वर सलग जुळू लागले की खाली पद्य आहे असा संशय घ्यायचा. स्पॅनिश अभ्यासक मेनेंदेझ पिदालने असेच तुकडे वेचून ओळी पुन्हा बांधल्या.

इथेच घसरायला होतं. स्पॅनिशमध्ये भूतकाळी क्रियापदं सर्रास 'ओ'वर संपतात, त्यामुळे 'ओ' आपोआप जुळतो. तो पुरावा फार कच्चा. दुर्मीळ स्वरजोडी सलग चार-पाचदा आली तरच वजन द्यावं, असं माझं मत.

सिद या स्पॅनिश वीराचं नशीब बरं. तो १०९९मध्ये वारला. त्याच्या काव्याची एकच हस्तलिखित प्रत उरली, सुमारे ३,७०० ओळींची, पहिलं पान गहाळ. अखेरीस लिहिणारा म्हणून पेर अब्बातचं नाव आणि १२०७ साल, पण प्रत चौदाव्या शतकातली: म्हणजे नकलाकाराने जुनी नोंदही जशीच्या तशी उतरवली. कोर्पेसच्या रानात जावयांनी सिदच्या मुलींना मारल्याचा काव्यातला प्रसंग तर इतिहासात नाहीच.