अंजनेरीला गेलो आणि बुरशी बघून आलो

खरं सांगायचं तर प्लॅन ढग बघायचा होता. ऑगस्टमधला रविवार, भाची अकरावीला, सोमवारी तिची युनिट टेस्ट, आणि वहिनीची अट एकच की हिला नेताय तर पुस्तकही न्यायचं. म्हणून सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून त्र्यंबकची एसटी पकडली तेव्हा माझ्या सॅकमध्ये रेनकोट, चटणीचा डबा, पावाची लादी आणि बायोलॉजीचं पुस्तक असा ऐवज होता. धडा कवकांचा, म्हणजे आपल्या भाषेत बुरशीचा. भाची गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, आत्या या धड्यात नुसती नावं आहेत गं, आणि झोपली.

अंजनेरी फाट्याला उतरलो. नाशिकपासून वीसेक किलोमीटर, हनुमानाचं जन्मस्थान म्हणून लोक दर्शनाला येतात, आणि पावसाळ्यात रीलवाले पण. पायऱ्यांच्या वाटेतलं जैन लेणं बघितलं, माकडांपासून सॅक वाचवली आणि धापा टाकत पठारावर पोहोचलो तर समोर पांढरा पडदा. अंजनीमातेचं देऊळ अगदी जवळ गेल्यावर दिसलं, तळं तर दिसलंच नाही. अंजनेरीच्याच नावाची सेरोपेजिया या रानफुलाची एक जात इथे वाढते, ती शोधायला अभ्यासू लोक येतात, आम्हाला तीही सापडली नाही. आणि वर बघायला काही नसलं की माणूस आपोआप पायाखाली बघतो.

आधी भूक. डबा उघडला, पाव काढले आणि भाची किंचाळली. लादी शुक्रवारची होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मीच विसरलेली, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही. पावावर करडा कापूस आणि त्या कापसात मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके. टाकून देणार होते पण भाचीने मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम केलं आणि पुस्तक उघडलं. ते काळे ठिपके म्हणजे बीजाणुधान्या, प्रत्येकीत ढिगाने बीजाणू, फुटल्या की वाऱ्यावर स्वार. यात नर-मादी काही लागत नाही, एकटी बुरशीच सगळा कारभार करते. गंमत म्हणजे पाव फुगवतं ते यीस्टही बुरशीच, फक्त एका पेशीची. तिच्या अंगाला फुगवटा येतो, तो वाढतो आणि सुटून वेगळा होतो, दहावीला कलिकायन म्हणून पाठ केलं होतं तेच. म्हणजे आमचा पाव एका बुरशीने फुगवला आणि दुसरीने घालवला. चटणी नुसतीच खाल्ली.

मग आम्हाला नादच लागला. देवळाच्या थोडं पुढे एक कुजकी फांदी पडली होती, ती उलटी केली तर खाली लाकडाला चिकटून पांढरे धागे, कोणी सुताचं बंडल विस्कटून टाकावं तसे. एक एक धागा म्हणजे कवकतंतू आणि सगळा गुंता म्हणजे कवकजाल. इथे मला पहिल्यांदा कळलं की बुरशी ही आहे. आपण जिला छत्री म्हणतो ते नुसतं फळ. आंब्याचं अख्खं झाड जमिनीखाली असतं आणि वर फक्त आंबे आले असते तर कसं दिसलं असतं, तसलं प्रकरण. धाग्यांच्या भिंती कायटिनच्या, म्हणजे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं ते. साठवण स्टार्चची नाही, ग्लायकोजेनची, जी आपल्या यकृतात असते. हिरवं काही नाही त्यामुळे अन्न बनवता येत नाही, मग धागे आपले पाचक रस बाहेर सोडतात, लाकूड बाहेरच विरघळवतात आणि तयार रस शोषून घेतात. आपण आधी गिळतो मग पचवतो, यांचं उलटं. एवढं असूनही बुरशीला कितीतरी वर्षं वनस्पतींच्या रांगेत बसवलं होतं, १९६९ साली व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा कुठे तिला स्वतःचं वेगळं घर मिळालं.

त्याच फांदीवर छोटे छोटे पंखे होते, नखाएवढे, वरून राखाडी केसाळ. खालच्या पट्ट्या मधोमध उभ्या चिरलेल्या. शायझोफायलम म्हणतात, जगभर सापडतं. याच्यात जोडी जमवायचे वीस हजारांहून जास्त प्रकार आहेत, भाचीने हे ऐकून "बापरे, आपल्याकडे कुंडली जमवतानाच एवढी मारामारी" असं म्हटलं आणि मी हसत उठायला गेले तर ओल्या खडकावर सपशेल आपटले. उठताना हाताला लागलं ते दगडफूल, म्हणजे त्याचंच कुठलंतरी भावंड. काळ्या मसाल्यात आपण घालतो ना, तेही एकटं नसतं, बुरशी आणि शैवाल यांचा संसार असतो तो, शैवाल स्वयंपाक करतं आणि बुरशी घर देते.

खाली उतरलो तर फाट्यावर एक आजी पाटीत सागाच्या पानांवर अळंबी घेऊन बसलेल्या. लांब देठाच्या, टोपीच्या मधोमध टोक. मी विचारलं कुठली, तर म्हणाल्या "वारुळाची हाय बाय, रोज नाय गावत." बरोबरच आहे, ही वाळवीची शेती. वाळवी वारुळात चावलेल्या पाल्याचे मऊ गठ्ठे करते, त्यावर हीच बुरशी पोसते आणि तीच खाते, पावसात त्या शेतातून देठ जमीन फोडून वर येतो. एक वाटा घेतला. पण रानातली कुठलीही छत्री स्वतःच्या हुशारीवर तोडून खाऊ नका, आजींची नजर वेगळी आणि आपली यूट्यूबवरची नजर वेगळी.

फाट्यावर वहिनीचे भाऊ, आमचे नाना, गाडी घेऊन आले होते. त्यांची बाग गिरणाऱ्याकडे. पावसाळ्यात बागेला द्राक्षं नसतात, हे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही, एप्रिलची खरड छाटणी झाली की नुसती काडी आणि पानं, माल येतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. पण पानांवरच आमची शाळा भरली. नानांनी दोन पानं तोडून हातावर ठेवली. "ही भुरी, राख उडवल्यागत, बोटाने पुसली जाते. आणि ही डावणी. वरून बघा, तेलाचा डाग. आता उलटं करा." उलटं केलं तर डागाच्या बरोबर खाली पांढरा मऊ थर. मग म्हणाले, "ताई, भुरीशी भांडता येतं. डावणीने घडच गेला तर रडायलाही वेळ नसतो."

आता इथे खरी गंमत. भुरी ही अस्सल बुरशी, पिशवीवाल्यांच्या गटातली, ॲस्कोमायसिटीस. त्यांचे बीजाणू एका पिशवीत बहुतेक आठ-आठ बनतात, आणि पावातलं यीस्टही याच घराण्यातलं. पण जिला नाना सगळ्यात जास्त घाबरतात ती डावणी मुळात बुरशीच नाही! दिसते तशी, धागे तसे, पण भिंत कायटिनची नाही, सेल्युलोजची, आणि तिचे बीजाणू दोन शेपट्या हलवत पानावरच्या पाण्यात पोहतात. नाती बघायला गेलं तर ती समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या जवळची. म्हणून पान ओलं राहिलं की डावणी, हे नानांचं गणित अगदी बरोबर, नाव काही का असेना. भाचीच्या पुस्तकात मात्र फायकोमायसिटीस या जुन्या गटात पावावरची बुरशी आणि डावणीच्या नात्यातली अल्बुगो एकाच ओळीत बसलेल्या. "मग परीक्षेत काय लिहू?" पुस्तकातलं लिही बाई, मार्क त्याचे आहेत.

नानांकडे मोरचूद-चुन्याचा निळा डाग पडलेला पंप होता. ते बोर्डो मिश्रण पण मजेशीर प्रकारे सापडलं, फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खायचे म्हणून बागायतदार वेलींवर हे कडवट निळं पाणी मारायचे, मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेली डावणीतून वाचल्यात, आणि १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. नाना म्हणाले, चोर बरे होते म्हणायचे.

घरी येऊन अळंबीची भाजी झाली, लसूण आणि मिरची, बाकी काही नाही. एक टोपी भाचीने लपवून ठेवली, देठ कापला, काळ्या कार्डपेपरवर पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवली आणि वर वाटी पालथी घातली. त्या पट्ट्यांवर काय चालतं ते तिने मला रात्री झोपताना समजावलं: जमिनीखाली दोन जोडीदार धागे भेटले की पेशी एक होतात पण केंद्रकं एक होत नाहीत, साखरपुडा झाला आणि मुहूर्तच निघत नाही अशी किती दिवस राहतात, आणि पट्टीवरच्या गदेसारख्या पेशीत एकदाची एक होतात, लगेच विभागतात, आणि त्या गदेच्या टोकावर चार बीजाणू बसतात. ती गदा म्हणजे बॅसिडियम, म्हणून हा गट बॅसिडियोमायसिटीस. नावाचा अर्थ आता तिला सांगावा लागत नाही.

सकाळी वहिनीने ओट्यावरची वाटी उचलायला हात घातला तशी भाची ब्रश तोंडात धरून पळत आली. टोपी अलगद काढली. काळ्या कागदावर फिकट गुलाबी चक्र उमटलं होतं, सायकलच्या स्पोकसारख्या बारीक रेघा. तिने जवळ जाऊन बघितलं, फोटो काढायला फोन उचलला आणि तेवढ्यात शिंकली.