क्लीन_पॅन

एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर आम्ही जँगोमध्ये, म्हणजे पायथॉन भाषेतल्या एका तयार सांगाड्यात (फ्रेमवर्कमध्ये) लिहिलंय. मार्चअखेरीला त्यांच्या लेखापरीक्षकांनी यादी पाठवली: 41 सभासद दोनदा नोंदलेले. पॅन तोच, सभासद क्रमांक वेगळे. एका नोंदीत पॅन मोठ्या लिपीत, दुसऱ्या नोंदीत लहान. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी मूल्यं, त्यामुळे युनिकची (तेच मूल्य पुन्हा न घेण्याची) अट असूनही दोन्ही आत गेली.

आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "शाखेतले लोक नीट टाइप करत नाहीत." हे वाक्य आमच्या धंद्यात फार लवकर तोंडात येतं.

कोड उघडला. पॅन मोठ्या लिपीत करून पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर हा साचा तपासणारी मेथड, म्हणजे तेवढं काम करणारा कोडचा तुकडा, जागेवर होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. तिची टेस्ट हिरवी, म्हणजे पास. टेस्टमध्ये कोणत्या ओळी चालल्या ते दाखवणाऱ्या कव्हरेजमध्येही तिची प्रत्येक ओळ चाललेली. मग मी सगळी दुपार जुन्या डेटाचा इम्पोर्ट आणि सर्व्हरवरची आवृत्ती तपासण्यात घालवली. संध्याकाळी मेथडच्या पहिल्याच ओळीवर ब्रेकपॉइंट (कोड तिथे आला की थांबवणारी खूण) लावून फॉर्म भरला. फॉर्म सेव्ह झाला, ब्रेकपॉइंटवर काही थांबलंच नाही.

तेव्हा कुठे नाव वाचलं. फील्ड (फॉर्ममधला रकाना) पॅन_नंबर, मेथड क्लीन_पॅन.

जँगोचा फॉर्म प्रत्येक फील्डच्या नावाआधी 'क्लीन_' जोडतो आणि त्या नावाची मेथड आहे का बघतो. असेल तर चालवतो, नसेल तर गुपचूप पुढच्या फील्डकडे जातो. आपण स्वतः चुकीच्या नावाने मेथड बोलावली तर पायथॉन तिथल्या तिथे एरर देतो, 3.10 पासून तर जवळचं बरोबर नावही सुचवतो. इथे बोलावणारं फ्रेमवर्क असतं, आणि मेथड नसणं त्याला चूक वाटत नाही.

हे झालं कसं, ते शोधायला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद, चाळलं. नऊ महिन्यांपूर्वी फील्डचं नाव बदललं होतं. नुसतं 'पॅन' शोधलं तर इंग्रजी स्पेलिंगमुळे कंपनी, पॅनेल, स्पॅन सगळंच सापडतं, म्हणून सहकाऱ्याने 'पूर्ण शब्द' हा पर्याय लावून शोध-बदल केला. पण असा शोध ज्यावर चालतो त्या रेजेक्सच्या दृष्टीने अंडरस्कोर (_) हाही शब्दाचाच भाग. त्यामुळे क्लीन_पॅन हा एक अखंड शब्द ठरला आणि वगळला गेला. मेथडच्या आतलं अवतरणातलं 'पॅन' मात्र नीट बदललं, टेस्टमधलंही. टेस्ट तर क्लीन्ड_डेटा (फॉर्मने तपासलेली मूल्यं जिथे असतात ती जागा) हाताने भरून मेथडला थेट हाक मारत होती, ती नापास होणार कशी? तो बदल तपासून मीच मंजूर केला होता. मेथडच्या आतल्या ओळी वाचल्या, वरचं नाव वाचलं नाही.

हे सगळं एकवेळ समजू शकतो. डोक्यातून जात नाही ते वेगळंच. सपोर्टची जुनी तिकिटं, म्हणजे नोंदलेल्या तक्रारी, पाहिली, तर नावबदलानंतरच्या आठवड्यातच शाखेतल्या मॅडमनी लिहिलं होतं: "पूर्वी पॅन आपोआप कॅपिटल व्हायचा, आता होत नाही." याहून नेमका बग रिपोर्ट मी क्वचित वाचलाय. आमच्याकडून उत्तर गेलं, "कृपया कॅप्स लॉक वापरावा," आणि तिकीट बंद.

आता सगळ्या फॉर्मच्या मूळ क्लासमध्ये तपासणी घातलीय: 'क्लीन_'ने सुरू होणाऱ्या मेथडच्या नावाचं फील्ड नसेल, तर फॉर्म तयार होतानाच एरर. ती चालवताच आणखी दोन अनाथ मेथड सापडल्या, त्यातली एक वारसदाराचं वय तपासणारी. टेस्टही आता पूर्ण फॉर्म भरूनच होतात.

नवा कोड सर्व्हरवर डिप्लॉय झाल्यावर मॅडमना फोन केला.

"होतंय सर आता कॅपिटल," त्या म्हणाल्या. "पण त्या 41 जणांकडे दोन-दोन पासबुकं आहेत, दोन-दोन भाग दाखले आहेत. ते कोणी परत मागायचे?"

शनिवारी मी शाखेत जातोय.