तुम्ही विचारलंत म्हणून: सोनोग्राफीच्या लहरींनी कॅन्सर जातो का?

नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक हल्ली मोबाइल पुढे करतात. "मॅडम, नॅनो-औषध देऊन वरून अल्ट्रासाऊंड सोडला की गाठ मरते म्हणे. मग किमो कशाला घ्यायची?"

तत्त्व खरं आहे. 1989 साली जपानमध्ये युमिता, उमेमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हिमॅटोपॉर्फिरिन हे रसायन असताना अल्ट्रासाऊंड दिला तर कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात. प्रकाशाने औषध जागं करण्याची पद्धत त्याआधीपासून होती. पण प्रकाश शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो, यकृतातल्या गाठीपर्यंत कसा पोचणार? ध्वनिलहरी कितीतरी खोल जातात, शिवाय नेमक्या जागी एकवटता येतात. टायटॅनियम डायऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, या लहरींनी चेतवले की ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात आणि पेशीची मोडतोड करतात. लहर नाही तिथे कण बहुतेक गप्प. किमोने तोंड आलेली, घास गिळता न येणारी माणसं तपासताना मला वाटतं, हे लवकर साधायला हवं. मात्र माझ्या टेबलाजवळच्या सोनोग्राफी मशीनचं हे काम नाही. उपचाराच्या लहरींची ताकद आणि वेळ वेगळी असते.

अडचण आहे ती कण गाठीत पोचण्याची. 2016 मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक प्रमाणात फक्त 0.7 टक्के गाठीत पोचलेले दिसले! उरलेल्यांतले बरेच यकृत आणि प्लीहा उचलतात. आणि हे प्रयोग उंदरांवरचे, गाठ बहुधा कातडीखालीच. माणसाची गाठ फासळ्यांमागे असते, फुप्फुसात असते. हाड आणि हवा लहरींना कशा अडवतात ते मी रोज प्रोब फिरवताना बघते. ग्लायोमा या मेंदूच्या गाठीसाठी माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, पण त्यांत लहरींसोबत दिलेलं औषध, 5-अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड, म्हणजे नॅनोकण नव्हेत.

म्हणून किमोची तारीख मिळाली असेल तर कृपा करून ती पुढे ढकलू नका. कुणी असा उपचार चाचणी म्हणून देऊ करत असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. भारतात 2009 पासून क्लिनिकल ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे. दुसरं मत हवं असेल तर टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र खारघरला आहे, ठाण्याहून पनवेल लोकल थेट जाते. जाताना बायोप्सीच्या स्लाइड्सही सोबत न्या, नुसता माझा रिपोर्ट पुरणार नाही.