राजवाडा, जमिनीपासून वीतभर उंचीवरून

थंडीतली सकाळ, इंदूरचा राजवाडा चौक. वाड्याचं तोंड पूर्वेला, म्हणून फोटोचं काम सकाळीच उरकायचं. दुपारनंतर सूर्य वाड्याच्या मागे जातो. मग आकाश पांढरंफटक आणि वरचे मजले काळे. डिसेंबरात वाड्याकडे तोंड केलं की ऊन पाठीमागून, डाव्या खांद्यावरून येतं आणि साडेदहाच्या सुमारास भिंतीवरून आडवं घासत जातं. सज्जे, कंगोरे, दारावरचे खिळे उठून दिसतात ते तेव्हाच. जूनमध्ये मात्र सूर्य चढतो तो जवळजवळ थेट डोक्यावर. प्रत्येक सज्जाची सावली खालच्या मजल्यावर लोंबते. तेव्हा आठच्या आत आटपावं.

कॅमेरा जमिनीला टेकवला की वाडा उंच दिसतो, हा समज इथे फार पक्का आहे. पण वाड्याचं प्रमाण ठरतं ते अंतरावरून. कॅमेरा खाली नेला की मोठं दिसतं ते जवळचं. हिशेब असा: वाडा 40 मीटरवर, मधे 10 मीटरवर 1.8 मीटर उंचीची ई-रिक्शा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे 1.6 मीटरवर असेल तर ती रिक्शा वाड्याचा तळापासून साधारण 2.4 मीटर भाग झाकते. कॅमेरा 20 सेंटिमीटरवर आणला की तीच रिक्शा 6.6 मीटर खाऊन टाकते. दरवाजा गेलाच म्हणून समजा. तेव्हा आडवं पडायचं ते पुढची फरशी खरोखर मोकळी असेल तरच. इंदुरात ती वेळ बाजार उघडायच्या आधीची. रात्रीची झाडलोट झालेली असते आणि ठेलेही लागलेले नसतात.

दुसरी खोड म्हणजे लेन्स वर वळवणं. लेन्स कलली की सातही मजले वर निमुळते होतात आणि वाडा मागे रेलल्यासारखा दिसतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरची रुंद लेन्स लावून कॅमेरा उभा आणि अगदी समतल ठेवला, तर माथा चौकटीत यायला वाड्याच्या उंचीच्या साधारण 1.4 पट मागे जावं लागतं. खालची जवळजवळ अर्धी चौकट मग नुसती जमीन असते. ती कापून टाकावी; 24 मेगापिक्सेलमधले साधारण 12 उरतात, छापायला पुरेसे. मागे जायला जागाच नसेल तर थोडं कलवून घ्यावं, पण दोन्ही बाजूंना भरपूर मोकळं सोडावं. नंतर रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात आणि ताणला जातो तो नेमका लाकडी नक्षीचा भाग. फोनवरचा 0.5 हा आकडा, म्हणजे सगळ्यात रुंद लेन्स, त्यासाठी शेवटचा उपाय. कोपऱ्यातली नक्षी त्यात हमखास चिखल होते.

खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. उजेड मोजण्यात घोटाळा होतो तो इथेच. कॅमेरा पूर्ण चौकटीचा हिशेब करतो, आकाश मोठं असलं की लाकूड बुडवतो. स्क्रीनवर लाकडावर बोट ठेवून मोजावं, मग आकाश जळून कोरं पांढरं होत नाही ना ते बघावं. जळत असेल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, तीन फोटो, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. लेन्सचं छिद्र एफ 8 आणि लेन्स 24 मिलिमीटर असताना फोकस अडीच मीटरवर ठेवला की सव्वा मीटरपासून माथ्यापर्यंत सगळं स्वच्छ येतं.

1984 च्या आगीत मागचा बराच भाग गेला, 2007 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. चौकातल्या या फोटोत त्याचा प्रश्न येत नाही. समोर दिसतो तो दर्शनी भाग; वाड्याचं काम मल्हारराव होळकरांच्या काळात 1747 मध्ये सुरू झालं.

जमिनीलगत जाण्याचं खरं चीज होतं ते पाण्यात. धुतलेल्या किंवा पावसाने भिजलेल्या फरशीवर एखादं डबकं पुरतं, फक्त लेन्स पाण्याला भिडायला हवी. 40 मीटरवरच्या वाड्यासाठी लेन्स पाण्यापासून 3 सेंटिमीटरवर असेल, तर दीडएक मीटर लांबीच्या पाण्यात तळाचा मीटरभर सोडून सगळा वाडा उतरतो. 10 सेंटिमीटरवर नेली की त्यालाच साडेतीन मीटरहून जास्त पाणी लागतं. माथ्याचं प्रतिबिंब लेन्सच्या अगदी पुढ्यात पडतं, म्हणून डबक्याची अलीकडची कड लेन्सच्या खालीच हवी. फोन उलटा धरावा. त्याची लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती पाण्याजवळ जाते. फोकस वाड्यावर ठेवून लॉक करावा. प्रतिबिंब वाड्याइतकंच दूर असतं. मोकळा सोडला तर फोकस पाण्यावर तरंगणाऱ्या धुळीला चिकटतो.

कॅमेऱ्याखाली तिपाईपेक्षा अर्धा किलो तांदळाची घट्ट शिवलेली पिशवी बरी. तिपाई दिसली की माणसं थांबून बघतात, आणि चौकटीत येतात. पावसाळ्यात मात्र तांदूळ प्लॅस्टिकमध्ये बांधूनच पिशवीत भरावेत, नाहीतर ते फुगतात.