ओहायोत रकूनची शिकार: घोडं अडलं ते एका सहीपाशी

हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, शिकारीचं लायसन्स निघालं, फर टेकर परमिट (फरवाल्या प्राण्यांच्या शिकारीचा परवाना) लगेच मिळालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझा जीव खाल्ला तो एका पानाच्या कागदाने. ओहायोत खाजगी जमिनीवर शिकारीला जायचं तर मालकाची लेखी परवानगी लागते. मालक तोंडी ‘हो’ म्हणाला तरी ते चालत नाही.

आमच्या शेजारचे आजोबा उभा जन्म रात्रीचे रकूनमागे (झाडावर चढणारा, फरवाला निशाचर प्राणी) कुत्री सोडत आलेत. त्यांच्या मक्याची कणसं ऐन दुधात असताना रकून ओरबाडतात. सध्या त्यांच्याकडे ट्रीइंग वॉकर जातीची कुत्री आहे. ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही जायचो, त्याने गोठ्यात उभ्या उभ्या फॉर्मवर सही केली. मला वाटलं, झालं काम.

पण वास कुंपणापाशी थांबत नाही. नोव्हेंबरात, आमच्या तिसऱ्याच रात्री कुत्रीने माग धरला. माग काढताना ती लांब हेल काढून ओरडते आणि रकून झाडावर चढला की तुटक, भराभर भुंकायला लागते. आवाज बदलला आणि आजोबा जागच्या जागी थांबले. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याप्रमाणे ती कुंपणापलीकडे, चारशे यार्डांवर होती. त्या रानाचा कागद आमच्याकडे नव्हता.

आम्ही तारेला हात लावून दीड तास उभे होतो. ही जात झाड न सोडण्यासाठीच पैदास केलेली, त्यामुळे आजोबा तिला परत बोलवायला पट्ट्याचा टोन वाजवत होते तरी ती हटेना. शेवटी आली तेव्हा पुढच्या पंजांच्या नखांत झाडाची साल अडकलेली होती. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि परत त्या झाडाच्या दिशेला तोंड करून बसली. माझ्या घशात आवंढा आला. तिने तिचं काम चोख केलं होतं. कमी पडलो होतो आम्ही.

दुसऱ्या दिवशी काउंटी ऑडिटरच्या (जिल्ह्याच्या जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर नकाशातल्या त्या तुकड्यावर क्लिक करून मालकाचा पत्ता काढला. (हे मी आधीच करायला हवं होतं. तुम्ही नकाशावर फक्त तुमचं शेत बघू नका, चारी बाजूंचे तुकडे बघा.) जमीन एका कंपनीच्या नावावर, पत्ता दुसऱ्या राज्यातला. पत्र टाकलं, दोन आठवडे उत्तर नाही. फोन केला तर एकीने दुसरीकडे दिला, दुसरीने ‘ईमेल करा’ सांगितलं. ईमेलला उत्तर आलं: कोणी पडलं-झडलं तर जबाबदारी कोणाची? मी समजावून लिहिलं. मग फॉर्म परत आला, तारखेसकट, पण सहीची जागा कोरी! पुन्हा पाठवला. डिसेंबर निम्मा संपला, आणि सीझन जानेवारीअखेर संपणार होता. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

काम झालं ते एका माहितीने. ओहायोच्या कायद्यानुसार पैसे न घेता शिकारीला येऊ दिलं, तर जागा येणाऱ्यांसाठी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर येत नाही. ते कलम छापून फॉर्मला जोडलं आणि चार दिवसांत सही आली. तुम्ही पहिल्याच पत्रासोबत ते जोडा. परतीचं तिकीट लावलेलं पाकीटही ठेवा.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर आणखी एक, हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं: हातात वैध हंटिंग लायसन्स येण्याआधी बंदुकीला हात लावू नका, मित्राची असली तरी. संघराज्याच्या कायद्याने तो गुन्हा आहे. आणि रात्री पाव मैलावरून दिसेल असा पांढरा दिवा सतत पेटता लागतो, तेव्हा बॅटरी जास्तीची घ्या. थंडीत ती फार लवकर उतरते.

सही आली त्याच रात्री कुत्री पुन्हा तारेपलीकडे गेली. आजोबांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला, तार वाकवून धरली आणि मला म्हणाले, ‘चल.’ ओकच्या उंच फांदीवर दोन डोळे चमकत होते. खाली ती बुंध्यावर पंजे टेकून, मान वर करून भुंकत होती, आणि या वेळी आम्ही तिच्याजवळ जाऊन पोचलो.