सुयांच्या वहीने दाखवलेली रात्रपाळी

निर्यातीचे कपडे शिवताना मशीनची सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधावे लागतात. एखादा बारीक तुकडा शर्टात राहून कुणाला टोचला, तर अख्खा माल परत येऊ शकतो. म्हणून तुकडे जुळवून ते चिकटपट्टीने वहीत लावतात आणि शेजारी तारीख, वेळ, मशीनचा नंबर लिहून सही घेतात.

मी परदेशी खरेदीदारांसाठी कारखान्यांचं सोशल ऑडिट करते. म्हणजे कामाचे तास, पगार, आगीपासून सुरक्षा वगैरे तपासते. त्या दिवशी हजेरीपट स्वच्छ होता. आठवड्याची सुट्टी नियमित, संध्याकाळी सहाला सगळे बाहेर. कामगारांशी एकेकट्याने बोलले, तर सगळ्यांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी. मग मी सुयांची वही मागितली. ती मालाच्या सुरक्षेसाठी असते, त्यामुळे ऑडिटसाठी ती कुणी ‘तयार’ करत नाही.

सुट्टीच्या तारखेला रात्री पावणेअकराला चार नंबरच्या लाईनवर सुई मोडली होती. पुढच्याच पानावर आणखी एक, साडेबाराची.

मॅनेजरांनी वाद घातला नाही. कपाटातून खरा हजेरीपट काढून दिला आणि कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. कापड रंगवून झाल्यावर खरेदीदाराने रंग बदलला होता. नव्या नमुन्याला मंजुरी द्यायलाही त्यांनीच उशीर लावला होता. जहाजाची तारीख मात्र जुनीच. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा आणि भाडं कारखान्याने सोसायचं, अशी करारातली अट.

“मॅडम, मी काय करायला हवं होतं?”

तास लपवायला नको होते आणि जादा कामाचे पैसे बुडवायला नको होते. तो दोष त्यांचाच, आणि मी तो तसाच लिहिला. पण ती रात्रपाळी सुरू झाली होती खरेदीदाराच्या टेबलावर, आणि आमच्या अहवालात त्या टेबलासाठी एकही रकाना नाही. हे मला फार खटकतं. कराचीतला अली एंटरप्रायझेस हा कपड्यांचा कारखाना सप्टेंबर २०१२ मध्ये जळाला, अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याला सामाजिक मानकांचं प्रमाणपत्र मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११३४ जण मेले, तेव्हा कुठे ब्रँडांनी सही केलेल्या करारात एक महत्त्वाचं कलम आलं: कारखान्याला सुरक्षितता परवडेल अशाच अटींवर त्याच्याशी व्यवहार करायचा. कामाच्या तासांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त आणि तातडीचा माल मागणारा त्या मागणीच्या परिणामांपासून नामानिराळा राहूच शकत नाही, मग तो कितीही समुद्र ओलांडून बसलेला असो.

दुपारी चार नंबरच्या लाईनवरच्या बायकांशी पुन्हा बोलले. वहीत कुणाची सही आहे हे सांगितलं नाही, विचारलंही नाही. त्यातल्या एकीने मलाच विचारलं, “ऑर्डर काढून तर घेणार नाहीत ना?” तिची भीती खरी होती. कारखाना नापास ठरवून खरेदीदार दुसरीकडे गेला, तर हिचा रोजगार जातो आणि तीच घाई दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर जाऊन बसते. व्यवसाय आणि मानवी हक्कांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वंही कंपन्यांना आधी आपलं वजन वापरून सुधारणा घडवायला सांगतात.

मी अहवालाला एक पान जोडलं: रंग बदलल्याची तारीख, मंजुरीची तारीख, जहाजाची तारीख, आणि खाली त्याच दिवसांतले खरे तास. आमच्या ऑफिसात ते काढून टाकायला सांगितलं गेलं. मी सही करणार नाही म्हटल्यावर ते राहिलं.

जादा तासांची थकबाकी कारखान्याने पगारात जमा केली, त्याच्या पावत्या मी फेरतपासणीत पाहिल्या. खरेदीदाराने त्या पानावर काहीच कळवलं नाही. पुढच्या ऑर्डरच्या करारात विमानभाड्याची अट तशीच आहे, आणि ती मी फेरतपासणीच्या अहवालात पहिल्याच पानावर घेतली आहे.