साताऱ्यात टेबल, औंधात वही

शुक्रवारी रात्री अकरा वाजता माझ्या कॉमिकला पिना मारायला बसले तेव्हा कळलं, साठांपैकी आठ प्रतींची मधली पानं उलटी छापलीत. चूक माझीच. पाठपोट छपाईला देताना एक नमुना प्रत घडी घालून बघायची असते, ती घाईत राहिली. तुम्ही ती आधी बघा, मगच बाकीच्या सोडा. आणि पानं चारच्या पटीत ठेवा. माझं कॉमिक वीस पानी आहे, म्हणजे ए-फोरचे पाच कागद आणि वरून कव्हर. लांब हाताचा स्टेपलर स्वतःचा असलेला बरा.

शनिवारी पहाटे साताऱ्याच्या पुस्तकांच्या जत्रेला निघाले, स्वारगेटहून एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गठ्ठा घेऊन जायला एसटीसारखं काही नाही. फक्त गठ्ठा मांडीवर घ्या. मागे डिकीत टाकलेल्या पुस्तकांचे कोपरे खंबाटकीच्या वळणांत दुमडतात, हे मी मागच्या खेपेला शिकले. सप्टेंबरात येणार असाल तर राहायची सोय आधी करा, कासच्या फुलांमुळे शनिवार-रविवारी लॉज मिळत नाही. मी मावशीकडे उतरले.

पुस्तकांच्या जत्रेतलं टेबल पाचशे रुपयांचं, पंख्यापासून लांब. पहिल्या दोन तासांत तीन प्रती गेल्या. लोक उभ्याउभ्या अख्खं कॉमिक वाचायचे, नीट बंद करायचे आणि परत ठेवायचे. एक आजोबा तर चष्मा पुसून पहिल्या पानापासून बसले. शेवटी म्हणाले, "दहा मिनिटांत झालं की वाचून. साठ रुपये कशाचे मग?"

"काढायला चार महिने लागले, आजोबा."

"ते तुमचं झालं. माझी दहाच मिनिटं गेली."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. घेतली मात्र त्यांनी एक, नातीसाठी.

दुपारनंतर मी विकायचं सोडून चित्रं काढत बसले, तेव्हा गर्दी झाली. एक मुलगा ब्रशच्या टोकाला नाक लावून बघत होता. "ताई, आधी पेन्सिलीनं काढता का डायरेक्ट?" त्याला पेन्सिलीच्या रेषा खोडून दाखवल्या, तर म्हणतो, "म्हणजे तुमचंपण चुकतं!" संध्याकाळपर्यंत चौतीस प्रती गेल्या. तेव्हा टेबलावर बसून काहीतरी काढत राहा. वाचायची एक प्रत सुतळीने टेबलाला बांधा, ती मळेल, मळू द्या. क्यूआर असला तरी दहा-वीसच्या नोटा बऱ्याच न्या. आत रेंज नव्हती.

रविवारी झोपायचं ठरवलं होतं, पण गेले औंधला. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीसेक किलोमीटर. थेट गाड्या मोजक्याच, म्हणून उतरल्या उतरल्या स्टँडवर परतीची वेळ विचारून ठेवा. यमाई डोंगरावरचं भवानी संग्रहालय सोमवारी बंद असतं. ते १९३८ साली उभं केलं औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. राजे स्वतः चित्रकार. रामायणाची गोष्ट चित्रांतून सांगणारं त्यांचं पुस्तक १९१६ साली निघालं. म्हणजे आमच्या धंद्यातलेच म्हणायचे, फक्त गठ्ठा मांडीवर घेऊन त्यांना एसटीने यावं लागलं नसणार.

रविवर्म्याच्या चित्रांपुढे मी तासभर होते. बाईची मान थोडी वळलेली, नजर दुसरीकडे, बस्स. बोलण्याचा फुगा नाही, मजकूर नाही, तरी तिला काय वाटतंय ते कळतं. माझ्या कॉमिकात हेच सांगायला तीन चौकटी आणि "अगं बाई!" लागलंय. जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्पही इथेच आहे. खेड्यातल्या डोंगरावर ते भेटतं याचं मला दर वेळी नवल वाटतं. फोटो काढता येतील या भरवशावर जाऊ नका. छोटी वही आणि पेन्सिल न्या, खाण्याचंही सोबत असू द्या.

हिशोब असा: छपाई तेराशे वीस, टेबल पाचशे, विक्री दोन हजार चाळीस. उरले दोनशे वीस, ते तिकिटांत गेले. कंदी पेढे धरलेले नाहीत.